सगळ्या घराण्यांची माहिती असलेला द्वुमो मास्तर

द्वुमो मास्तर गेला तेव्हा त्याच्या मुलांनी अंत्यविधीचं पत्रक छापलं. फोटोखाली लिहिलं होतं, ‘असुओक्वाचे थोर इतिहासकार’. असुओक्वा म्हणजे आमचं गाव. अशा पत्रकात कुणी खरं छापत नाही, म्हणून मी काही बोललो नाही. पण चाळीस वर्षं मी त्याच्या शेजारी राहिलो. मला त्याच्याबद्दल जे माहीत आहे ते कुठेतरी लिहून ठेवावं, असं तेव्हापासून वाटत होतं. जमेल तसं लिहितो.

तो आमच्या मिशनच्या शाळेत इतिहास शिकवायचा. इतिहास म्हणजे रोम, ग्रीस आणि फ्रान्स. सीझरला कुणी कुणी भोसकलं, हानिबलचे हत्ती बर्फात कसे मेले, नेपोलियन कोणत्या बेटावर कुजला, हे सगळं त्याला तोंडपाठ. सोन्याच्या खाणींचा राजा मान्सा मूसा मक्केला निघाला ती गोष्टही तो सांगायचा, आणि ती सांगताना त्याचा आवाज असा चढायचा की जणू ते उंट यानंच हाकले होते. बायकोचं कोकोचं शेत ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, हे मात्र त्याला सांगता यायचं नाही. बायको म्हणजे पोकुआ. शाळेच्या फाटकाबाहेर ती निखाऱ्यावर केळी भाजून विकायची आणि त्यावर घर चालायचं, कारण मास्तरचा पगार पुस्तकं मागवण्यात जायचा. तीन मुलांची नावं त्यानं हानिबल, सोलोन आणि पेरिक्लीज अशी ठेवली. पोकुआ त्यांना आमच्या रीतीप्रमाणे जन्मवारावरूनच हाक मारायची, नाहीतर एकही पोर जेवायला आलं नसतं.

एक हात सदऱ्यात घालून उभं राहायची त्याला सवय होती. नेपोलियन असा उभा राहायचा म्हणे. बाजारातल्या बायका विचारायच्या, “मास्तर, पोटात दुखतंय का हो?” तो हसायचा. आपली कोणी थट्टा करू शकतं, हे त्याच्या डोक्यातच येत नसे. तो वाईट होता असं मी म्हणत नाही. वाईट व्हायला समोरच्या माणसाकडे एकदा नीट बघावं लागतं. त्यानं तेवढंही कधी केलं नाही.

शाळेला पन्नास वर्षं झाली त्या साली त्यानं गावाचा इतिहास लिहायला घेतला. समारंभात तो स्वतःच वाचून दाखवणार होता. वही काखेत मारून तो घरोघर हिंडू लागला. म्हाताऱ्यांनी त्याला ताडी पाजली आणि मनाला येईल ते सांगितलं. त्यानं ते सगळं उतरवून घेतलं. एकानं सांगितलं, आमचा मूळपुरुष साखळीला धरून आभाळातून उतरला. मास्तरनं विचारलं, “कोणत्या साली?”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे फार जुन्या राजांनी घालून दिलेला एक कायदा आहे. कुणाचं घराणं मुळात कुठून आलं, हे चारचौघांत बोलायचं नाही. पूर्वी लढायांतून, बाजारांतून पुष्कळ माणसं आणली गेली. ती ज्या घरात आली त्या घरची झाली, त्यांची पोरं त्या घरची पोरं झाली. कोण कुठलं, हे म्हाताऱ्यांना ठाऊक असतं आणि ते त्यांच्याबरोबरच जातं. हे बोलणाऱ्याची पूर्वी मान जायची. आता मेंढरं द्यावी लागतात. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. द्वुमो मास्तरला रोमचे कायदे येत होते.

मी तेव्हा मिशनच्या चर्चमध्ये कारकून होतो. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या माझ्या ताब्यात. त्यानं मागितल्या आणि मी कपाट उघडून दिलं. माझं अक्षर चांगलं म्हणून त्याचा मजकूरही मीच पक्का लिहून देत होतो. साच्चिवाबाईच्या घराण्याच्या पानाशी आलो आणि माझा हात थांबला. बाईच्या आजीच्या नावापुढे जुन्या पाद्र्यानं वहीत तीन शब्द लिहून ठेवले होते, ‘उत्तरेकडून विकत आणलेली’. मास्तरनं त्यावर दोन पानं लिहिली होती.

साच्चिवाबाई म्हणजे गावातलं शहाणं माणूस. बाजारातलं भांडण असो, जमिनीची हद्द असो, लोक आधी तिच्याकडे जायचे. गावप्रमुखाच्या जोडीनं गाव सांभाळणाऱ्या राणीआईचं आसन दीड वर्ष रिकामं होतं आणि समारंभानंतरच्या रविवारी तिला त्यावर बसवायचं ठरलं होतं. ते आसन गावच्या पहिल्या आईच्या रक्तातल्या बाईलाच मिळतं. त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला आमोआको नावाचा म्हातारा आपल्या बहिणीसाठी टपून बसलेला होताच.

मी वही घेऊन मास्तरकडे गेलो. “हे पान काढ,” म्हटलं.

“का? खोटं आहे?”

“नाही.”

“मग?”

“अरे, पुढच्या रविवारी बाई आसनावर बसायची आहे. हे वाचलंस तर आमोआकोची माणसं तिला आसनावर बसू देणार नाहीत, राहत्या घरातूनही काढतील.”

“इतिहासकारानं कुणाची बाजू घ्यायची नसते, ओपोन.”

“बाजू नको घेऊस. फक्त पान परत घे.”

त्यानं हात सदऱ्यात घातला. “तू कारकून आहेस. तुझा दोष नाही,” म्हणाला. पण पान त्यानं फाडून खिशात ठेवलं. मला वाटलं, काढलं. मी घरी आलो आणि निवांत जेवलो.

समारंभाला गावप्रमुख छत्रीखाली बसले होते. त्यांना आम्ही नाना म्हणतो. शेजारच्या गावांचे पाहुणे होते, लाउडस्पीकर होता. मास्तर तास-दीड तास वाचत होता. लोक पेंगत होते, पोरं शेंगदाणे खात होती. मग त्यानं खिशातून ते पान काढलं. लाउडस्पीकरमधून सगळ्या गावानं ऐकलं की साच्चिवाबाईची आजी कोणत्या बाजारातून, कोणाबरोबर आणि कशाच्या बदल्यात आली. वर तो प्रसन्नपणे म्हणाला, “यात लाज कसली? रोम शहरसुद्धा पळून आलेल्या गुलामांनीच वसवलं!” आणि टाळ्यांसाठी थांबला.

टाळी वाजली नाही. पोरांचे हात शेंगदाण्यांत तसेच राहिले. साच्चिवाबाई उठली नाही की रडली नाही. तिनं खांद्यावरचं वस्त्र सारखं केलं आणि नानांकडे पाहिलं. नानांच्या वतीनं बोलणारा ओचामे आपली सोनेरी मुठीची काठी घेऊन पुढे आला. त्यानं मास्तरवर नानांची शपथ घातली. शपथ पडली की खटला उभा राहतो.

“पण अजून अकरा पानं राहिलीत,” मास्तर म्हणाला.

खटला मंगळवारी नानांच्या अंगणात चालला. सगळं गाव जमलं होतं. बाई एका बाजूला खाली मान घालून बसली होती. मास्तर उरलेली अकरा पानं बरोबर घेऊन आला होता.

ओचामे म्हणाला, “मास्तर, नाना विचारतात, साच्चिवाची आजी तू डोळ्यांनी पाहिलीस?”

“नाही नाना. पण तसं पाहिलं तर सीझरलाही मी...”

“सीझर या गावचा का?”

“नाही.”

“मग त्याला त्याच्या घरी बसू दे. तुला हे कुणी सांगितलं?”

“मिशनच्या वहीत लिहिलंय. या ओपोनला विचारा. त्यानंच कपाट उघडून दिलं!” हे तो असं म्हणाला की जणू माझा सत्कार चाललाय.

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. तरी उभा राहिलो.

“ओपोन, वहीत काय आहे?” ओचामेनं विचारलं.

“नाना, मी वही दिली. वाचली नाही. चष्मा नव्हता.”

“आता चष्मा आहे?”

“आहे.”

“मग वही आणून वाचशील?”

“वाळवी लागली नाना. ते पान गेलं.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “आमच्याकडची वाळवी मोठी समजूतदार हो!” लोक हसले. वहीला काही झालेलं नव्हतं. मी खोटं बोललो. त्याची मला लाज वाटली नाही. लाज वाटली ती कपाट उघडल्याची.

आमोआको खाकरून उठला. “नाना, आता एवढं बोलणं झालंच आहे, तर शहानिशा झालेली बरी...”

“ओपानिन आमोआको,” वडीलधाऱ्याला देतात तो मान देऊन ओचामे अगदी गोड आवाजात म्हणाला, “शहानिशा तुम्ही करता? मग या मास्तरशेजारी येऊन उभे राहा. तुमच्या नावानंही एक मेंढरू बांधून ठेवतो.”

आमोआकोनं वस्त्र सावरलं आणि तो खाली बसला. त्या दिवशी साच्चिवाबाईचं आसन तिथेच वाचलं. तिच्याविरुद्ध साक्ष द्यायची तर साक्षीदारालाच गुन्हा करावा लागत होता.

मग नानांनी बाईला बोलायची परवानगी दिली. ती मास्तरकडे वळली.

“मास्तर, तुझ्या वहीत गावातली सगळी घरं आहेत ना?”

“एकूण एक, बाई.”

“तुझं नाही दिसलं ते?”

“माझं?” तो हसला. “माझ्या घराण्याचं काय लिहायचं? आम्ही मूळचे इथलेच. सगळ्यांना माहीत आहे.”

अंगणात कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या जमिनीकडे बघू लागल्या. पोकुआ कडेला उभी होती, तिनं तोंड फिरवलं.

“हो रे बाबा. सगळ्यांना माहीत आहे,” साच्चिवाबाई म्हणाली. “पन्नास वर्षांत तुला कुणी कधी काही बोललं?”

“नाही.”

“नाहीच बोलणार. मीपण नाही बोलणार.”

त्या अंगणात साठीच्या वरचं जे जे माणूस होतं, त्या प्रत्येकाला माहीत होतं. पोकुआला माहीत होतं. मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या थोर इतिहासकाराला. ज्या कायद्याला त्यानं लाउडस्पीकरवरून लाथ मारली, त्याच कायद्यानं त्याला जन्मभर मास्तर म्हणून ताठ मानेनं हिंडू दिलं होतं. याहून जास्त मी इथेही लिहीत नाही.

निकाल लागला. दोन मेंढरं, जिन दारूची एक बाटली, आणि सगळ्यांसमोर तीनदा म्हणायचं, ‘मी जे बोललो त्यातलं मला काही माहीत नाही.’ पहिल्यांदा तो पुटपुटला. दुसऱ्यांदा ओचामेनं काठी आपटली म्हणून मोठ्यानं म्हणाला. तिसऱ्यांदा तर वर्गात धडा सांगावा तसा घोळवून, हातवारे करून म्हणाला. इतकी वर्षं त्याचं शिकवणं मी खिडकीतून ऐकत आलो होतो. त्याच्या तोंडून इतकं खरं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. साच्चिवाबाईच्या खांद्यांवर निर्दोषपणाची पांढरी माती लावली. मेंढरं पोकुआची होती.

रविवारी बाई आसनावर बसली. ढोल वाजले, आमोआकोच्या बहिणीनंसुद्धा पुढे होऊन तिच्यासमोर गुडघे टेकले. दुपारी मी ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात मास्तर आला. हात सदऱ्यात नव्हता.

“ओपोन, बाई तसं का म्हणाली रे?”

“कसं?”

“मीपण नाही बोलणार, असं. काय नाही बोलणार?”

आयुष्यात पहिल्यांदा त्याला इतिहासातला खरा प्रश्न पडला होता. उत्तर एका वाक्याचं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर फेकावं असं मला फार वाटलं, हे मी नाकारत नाही.

“मला काय ठाऊक,” म्हटलं.

“तुम्हा लोकांना चौकसपणाच नाही,” तो म्हणाला आणि उठून गेला. थोड्या वेळानं त्याच्या खिडकीतून मोठ्यानं वाचल्याचा आवाज येऊ लागला. नेपोलियन पुन्हा मॉस्कोला निघाला होता.

मग पोकुआ कुंपणाशी आली.

“काही विचारत होते का हो?”

“विचारत होता.”

“सांगितलं नाहीत ना?”

“नाही.”

“बरं केलंत,” ती म्हणाली. “त्यांना झेपायचं नाही.”