मान सरळ आहे

चौथीच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘कुकर’ म्हणत. मधल्या सुट्टीत पाचवीची मुलं विचारायची, “आज किती शिट्ट्या झाल्या रे?” बाईंच्या कानावर ते यायचं. त्यांचं म्हणणं एकच होतं, आत वाफ कोंडून ठेवण्यापेक्षा शिट्टी बरी. घरीही तोच खाक्या. नवरा तर चहा गार झाला की स्वतःच दोन पावलं मागे सरायचा.

त्या दिवशी मात्र रागाला कारण होतं. सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेत उडणाऱ्या पक्ष्याचं चित्र होतं, खाली ‘पक्षी ओळखा’. अख्ख्या वर्गाने ‘क्रौंच’ लिहिलं आणि अख्ख्या वर्गाचं उत्तर चुकलं. वरून आलेल्या उत्तरसूचीत छापलं होतं ‘बगळा’.

बाईंनी थंडीत मुलांना शाळेमागच्या तळ्यावर नेलं होतं. चिखलात बुटांची वाट लागली, आयांनी तक्रारी केल्या. पण मुलं शिकली होती की बगळा उडताना मान मुडपून घेतो आणि क्रौंच ती पुढे ताणून धरतो. चित्रातली मान काठीसारखी सरळ होती.

“लांब पाय, लांब मान. बगळाच की तो,” बाई ऑफिसात जाऊन भांडल्या तेव्हा हेडसर म्हणाले.

“मग शाळेतला जिराफाचा तक्ताही बगळ्यांतच लावा!”

“बाई, एका पाखरापायी किती आकांडतांडव! वार्षिकला हेच चित्र येणार आहे. मुलांना बगळा लिहायला सांगा. त्यांच्या मार्कांशी तुम्ही का खेळता?”

हा शेवटचा शब्द बाईंना लागला. मार्क मुलांचे जाणार होते, त्यांचे नाही. त्या दाणदाण पावलं टाकत वर्गात आल्या आणि त्यांनी खडू मोडेल इतक्या जोरात फळ्यावर ‘बगळा’ लिहिलं.

“परीक्षेत हेच लिहायचं. उतरवून घ्या.”

मुलांनी माना खाली घातल्या. पहिल्या बाकावरची चिमणी तेवढी तशीच बसून राहिली. अंगाने एवढीशी म्हणून ती चिमणी.

“तुला वेगळं आमंत्रण हवंय का गं?”

“बाई, मान सरळ आहे.”

“दिसतंय मला.”

“मग तो बगळा कसा?”

“सांगितलं तेवढं लिही! उलटून बोलू नकोस!”

चिमणीने पेन्सिल उचलली. ‘ब’ काढला, तसे टपकन दोन थेंब वहीवर पडले. बाई बघत राहिल्या. हेडसरांवरचा राग आपण कुणावर काढला, हे कळायला त्यांना तेवढा वेळ पुरला. त्यांना स्वतःचीच चीड आली, हेडसरांपेक्षा जास्त.

त्यांनी पदरानेच फळा पुसला.

“खोडा सगळ्यांनी. क्रौंच लिहा.”

“आणि मार्क?” मागून कुणीतरी विचारलं.

“गेले तर गेले! घरी ओरडले तर आईबाबांना माझ्याकडे पाठवा. मी बघते.”

खोडरबरं घासली जाऊ लागली. बाईंनी दाराकडे पाहिलं. हेडसर तिथे उभे होते.

“बाई, हे लेखी द्यावं लागेल तुम्हाला.”

“देते की,” बाई म्हणाल्या. “शुद्धलेखन नीट करून देते.”