पेन्सिलीत राहिलेला एक फॉर्म

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या धंतोलीत, त्या भरती होत्या त्याच दवाखान्याखाली गाडी लावायला जागा शोधत होते, आणि ती मिळत नाही म्हणून एका ऑटोवाल्याशी भांडत होते. फोनवर त्यांचा भाचा होता. "रेखामावशी, कमलमावशी गेली... आत्ताच." मी ऑटोवाल्याला म्हटलं, "जा बाप्पा, तूच जिंकला," आणि स्कूटीवर तशीच बसून राहिले. पिशवीत पातळ खिचडीचा डबा होता, अजून गरम. खरं सांगते, त्या घडीला रडू आलं नाही. आधी आठवलं ते वेगळंच. आदल्या दिवशी मी ताईंशी खोटं बोलले होते, आणि आज वर जाऊन खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवून घरून निघाले होते.

आज दीड महिना झाला. लोक विचारतात, कमलताई कशा होत्या, पेपरासाठी चार ओळी लिहा. चार ओळींत बसणाऱ्या बाई नव्हत्या त्या. नागपूरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. जो विषय पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचतात, तो त्या गणितासारखा शिकवायच्या... उत्तर चुकलं तर पुन्हा सोडवा. मी त्याच शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. इंदोऱ्यातल्या त्यांच्या घरी बैठकीत घटनेच्या उद्देशिकेची फ्रेम होती, आणि दर रविवारी त्या ती स्वतः पुसायच्या, कामवालीला हात लावू द्यायच्या नाहीत. रिटायर झाल्यावर एका छोट्या संस्थेनं लोकांची मतं गोळा करायचं काम दिलं, तर बाई लगेच तयार. आणि मला म्हणाल्या, "तुझ्या तोंडाले लोक भितात वं रेखा, पण तुझी गाडी चांगली आहे. चल."

प्रश्न बरेच होते, पण खरे दोनच. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे चार शब्द तुमच्या गावात कुठे दिसतात? आणि आपल्या देशात आज गुलामी आहे असं तुम्हाला वाटतं का... हो, नाही, सांगता येत नाही. दुसऱ्या प्रश्नावर लोक आधी हसायचे. कळमेश्वरच्या एका दुकानदारानं तर तराजू खाली ठेवून सांगितलं, "मॅडम, गुलामी इंग्रज जातानी घेऊन गेले ना!" तिथल्याच एका कारखान्याच्या गेटवर ठेकेदाराकडचा माणूस म्हणाला, "सुपरवायझर साहेबाले इचारा, मले टाइम नाही." नरखेडकडच्या एका गावात एका बाईनं पदरानं हात पुसत आत पाहिलं, सासू नाही अशी खात्री केली, आणि हळूच म्हणाली, "हो लिवा." ताई गाडीवर मागे बसून म्हणाल्या, "आज दिवसभरात एकच खरं उत्तर मिळालं."

त्यांची एक पद्धत होती आणि तिनं माझा जीव खाल्ला. उत्तर आधी पेन्सिलीनं लिहायचं, माणसाच्याच शब्दांत. मग ते त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं. "हो, असंच म्हणालो" असं तो स्वतः म्हणाला, तरच पेनानं गिरवायचं. खोड म्हणाला तर खोडरबर. एकेका घरी अर्धा अर्धा तास. मी चिडायचे, "ताई, हे काय बोर्डाचे पेपर आहेत का?" त्या म्हणायच्या, "लोकांच्या तोंडचं आपण आपल्या मनानं पक्कं करत नाही. उत्तर ज्याचं, त्यानंच पक्कं करायचं." आणि खोडरबरानं पडलेला कचरा फुंकरीनं उडवायच्या.

माझं माहेर नरखेड तालुक्यातलं. संत्र्याचा बाग आहे, दादा पाहतो. त्या गावाची पाळी आली तेव्हा मी मोठ्या दिमाखात ताईंना घरी नेलं. वहिनीनं पोहे केले. अंगणात महादेव होता, आमचा सालदार. वर्षाच्या करारावर राहणाऱ्या गड्याला आमच्याकडे सालदार म्हणतात, पण महादेव माझ्या बाबांच्या वेळेपासून आहे, मी शाळेत जात होते तेव्हापासून. ताई आत वहिनीशी बोलत होत्या, म्हणून महादेवचा फॉर्म मी भरायला घेतला. दुसरा प्रश्न वाचला. महादेव दादाकडे पाहून हसला. दादा खाटेवरून म्हणाला, "लिही 'नाही'. आमचा महादेव घरचाच माणूस आहे, काय गा महादेव?" महादेवनं मान हलवली. मी 'नाही'वर पेन्सिलीनं खूण केली. वाचूनही दाखवलं नाही. घरच्या माणसाला काय वाचून दाखवायचं!

परतताना एका चहाच्या टपरीवर ताईंनी फॉर्म चाळले. तो कागद हातात आला आणि थांबल्या. "हे कोण बोललं, रेखा?" मी म्हटलं, महादेव. "महादेव की तुझा भाऊ?" मी उसळले. माझ्या बापाचं घर, माझा भाऊ, तुम्ही पोहे खाल्ले ना तिथं, असं बरंच काही बोलले. आज आठवलं की कान गरम होतात. त्या ऐकत राहिल्या. मग पिशवीतून खोडरबर काढून ती खूण पुसली, कागद घडी न घालता वेगळा ठेवला. "पुन्हा जा. एकटी जा. त्याले एकट्याले विचार."

मी गेले नाही. आज दादा घरी असेल, उद्या ऊन फार आहे, परवा गाडीचा टायर... कारणं काय, ढिगानं मिळतात. खरं कारण एकच होतं, आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मला भीती वाटत होती. आमच्याकडे पाडव्याला साल लागतं, म्हणजे गड्याचा वर्षाचा नवा करार सुरू होतो. दर पाडव्याला बाबा ओट्यावर बसून विचारायचे, "महादेव, साल धरतं ना?" आणि त्यानं तोंड उघडायच्या आत आई त्याच्या हातात नारळ आणि नवं धोतर ठेवायची. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. इतक्या पाडव्यांत त्याचं उत्तर मी एकदाही ऐकलं नव्हतं. आणि त्याची आई गेली त्या सकाळी तो आधी आमच्या दारात आला होता, सुट्टी मागायला. हे सगळं मला माहीत होतं, पण ते एका ओळीत कधी ठेवलं नव्हतं. ताईंनी ठेवायला लावलं, म्हणून त्यांचा रागही यायचा.

मग त्यांचं दुखणं निघालं आणि संस्थेचं कामही आटोपलं. बाकीचे सगळे फॉर्म गेले, तो एक राहिला. त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "महादेवचं काय झालं वं?" त्यांच्या हाताला सुया, नाकात नळी... माझ्या तोंडून निघून गेलं, "विचारलं ताई. नाही म्हणाला." त्यांनी डोळे मिटले. "वाचून दाखवलं?" मी म्हटलं, हो. त्या "बरं" म्हणाल्या. विश्वास ठेवला की नाही, देव जाणे. ठेवला नसेल असं वाटतं, आणि ठेवला असेल तर ते जास्त वाईट.

तेराव्या दिवसाचं काही नव्हतं त्यांच्याकडे. एक साधी सभा झाली. नंतर भाच्यानं त्यांची खाकी पिशवी माझ्या हातात दिली, म्हणाला, "मावशीनं तुमच्यासाठी ठेवली." आत लिहायचा पुठ्ठा, पेन्सिल, झिजलेलं खोडरबर, निळा पेन आणि पुठ्ठ्याला लावलेला तो एकच फॉर्म. दुसऱ्या प्रश्नापुढे पुसल्याचा मळकट डाग. बाकी काही लिहिलेलं नाही, एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आठ दिवस ती पिशवी घरात मी इकडची तिकडे ठेवत होते. देवघराजवळ नको, टीव्हीजवळ नको, पलंगाखाली तर नकोच. नवव्या दिवशी सकाळी ती खांद्याला लावली आणि गाडी काढली.

दादा काटोलला गेलेला होता. महादेव बागेत झाडांची आळी साफ करत होता. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले, त्यालाही बस म्हटलं. तो जरा लांब, उकिडवा बसला. मी आधी पेन्सिल आणि पेनाची गोष्ट समजावून सांगितली. मग ताई गेल्याचं सांगितलं. "त्या चष्मावाल्या बाई? अरे राम... मले 'महादेवराव' म्हनल्या होत्या," तो म्हणाला. हे मला माहीतच नव्हतं. मग मी प्रश्न वाचला. तो हसला नाही. कुदळीच्या दांड्यावरची माती नखानं काढत राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, भाऊले इचारून सांगू का?"

भाऊ म्हणजे माझा दादा. मी ताईंच्या पद्धतीनं त्याचेच शब्द पेन्सिलीनं लिहिले. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. "भाऊले इचारून सांगू का?"

महादेवनं मान वर केली. "असं म्हनलो मी?"

"हो, महादेवराव."

तो पुन्हा खाली पाहू लागला. त्याचे ओठ हलत होते, ते शब्द स्वतःशीच म्हणून पाहत असावा. मी खोडरबर त्याच्यापुढे धरलं. म्हटलं, पुसायचं असेल तर पुसते, कोणाला दाखवणार नाही. त्यानं खोडरबराकडे पाहिलं, मग बागेच्या फाटकाकडे. तिथं कोणी नव्हतं.

"नोका पुसू," तो म्हणाला. "पेनानं लिवा."

मी ताईंचा निळा पेन काढला आणि ते शब्द गिरवले. हे सगळं पेपरात लिहू का, हेही त्याला विचारलं. "लिवा, पन नाव बदला," म्हणाला, म्हणून महादेव हे त्याचं खरं नाव नाही. दादाला मी स्वतः सांगितलं. तेव्हापासून त्यानं फोन केलेला नाही. पाडवा यायचा आहे, आणि त्या दिवशी मी ओट्यावर जाऊन बसणार आहे, नारळ मध्ये येऊ न देता महादेवचं उत्तर ऐकायला. तो फॉर्म आता कुठल्याच मोजणीत धरला जाणार नाही, संस्थेनं तसं कळवलंय. तो पुठ्ठ्यालाच लावलेला आहे, पिशवी माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे. भाजी चिरताना नजर गेली की ताईंचा आवाज येतो, "वाचून दाखवलं?" आणि मी मोठ्यानं उत्तर देते, घरात कोणी नसलं तरी. हो ताई. वाचून दाखवलं.