जयंतीची वायर

बाबांची मागणी एकच होती. गावच्या जागेवर एक रात्र झोपायचं. पण त्या जागेवर घर उरलेलं नव्हतं. नुसतं जोतं होतं आणि त्यावर गवत. शिवाय बाबांचा झोपेत श्वास अडकतो, म्हणून रात्रभर नाकाला मशीन लागतं, आणि विजेचा खांब जागेपासून लांब. मशीनशिवाय एकही रात्र काढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

घराचं मी निस्तरलं. कॅम्पिंगचा एक जुना ट्रेलर मिळवला. दोन चाकांवर पत्र्याची पेटी, आत दोन माणसं झोपतील एवढी गादी, कोपऱ्यात बॅटरी. गाडीच्या मागे जोडायचा आणि निघायचं. बाबांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाले, "ही तर कुल्फीची गाडी गं." पण आत जाऊन आडवे झाले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

राहिली वीज. बाबांच्या कंबरेला कोकणापर्यंतचा प्रवास एका दिवसात झेपत नाही, म्हणून वाटेत एक मुक्काम ठरला. त्या पहिल्या रात्रीतच मशीन बॅटरी निम्म्याच्या खाली आणणार. दुसऱ्या दिवशी गाडी ट्रेलर ओढत असताना इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या अल्टरनेटरनेच ती पुन्हा भरायला हवी. नाही भरली तर गावच्या रात्री मशीन मध्येच बंद पडणार. म्हणजे सगळं अडलं होतं गाडीपासून ट्रेलरपर्यंतच्या एका वायरवर.

वायरिंग माझं रोजचं काम आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीत मी कंट्रोल पॅनल जोडते. बाबाही कारखान्यात मेंटेनन्सलाच होते. एका घरात दोन वायरमन म्हणजे भांडण ठरलेलं. मी नवीन वायर आणायला निघाले, तर त्यांनी मला माळ्यावर चढवलं.

"त्या पत्र्याच्या डब्यामागं बघ. वेटोळं आहे."

हातात घेताच ओळखलं. लाल-काळी जोडवायर, जागोजागी टेप, आणि टेपला चिकटून राहिलेला निळ्या पताकांचा कागद. जयंतीची वायर.

आम्ही बुवापाड्यात राहायचो तेव्हा दर जयंतीला मिरवणुकीत एका जीपच्या मागे ट्रॉली असायची. ट्रॉलीवर प्लायवूडचा विहार, त्याच्या कमानीत बल्ब. बल्बांसाठी ट्रॉलीत वेगळी बॅटरी, आणि ती चालत्या जीपवरून भरत राहावी म्हणून ही वायर. सगळी वस्ती नाचायची, बाबा नाचायचे नाहीत. ते जीप आणि ट्रॉलीच्या जोडाशेजारून चालायचे. त्यांच्या मागे आम्ही दोघी बहिणी, पांढऱ्या फ्रॉकात. वायरवर कुणाचा पाय पडू द्यायचा नाही, हे आमचं काम. बाबांच्या खिशात वायरचे दोन तुकडे जोडलेला एक छोटा बल्ब असायचा. कुठेही टेकवायचा. पेटला की म्हणायचे, "येतंय."

आताही त्यांनी तेच केलं. वायर गाडीला लावली, इंजिन चालू केलं, ट्रेलरकडच्या टोकाला बल्ब टेकवला. बल्ब लख्ख पेटला.

"येतंय."

"बाबा, बारीक आहे ही वायर."

"हिच्यावर अख्खा विहार उजळायचा. तुझ्या एका मशीनचं काय घेऊन बसलीस?"

"मशीन तुमचं आहे, माझं नाही."

"मग मला माहीत."

त्यावर मी एवढंच म्हटलं की चालवून बघू. रविवारी दिवसभर मशीन ट्रेलरच्या बॅटरीवर सुरू ठेवून ती उतरवली. मग ट्रेलर जोडला, कर्जतच्या रस्त्याने मुद्दाम लांबवर फिरलो आणि संध्याकाळी खरवईला बहिणीकडे पोचलो. तिने गॅलरीतूनच हाक मारली, "ताई, काय गं, अंडापावची गाडी टाकलीस?"

इंजिन चालू ठेवूनच मी मीटर लावला. गाडीच्या बॅटरीवर चौदा व्होल्टच्या वर, ट्रेलरपाशी जेमतेम साडेबारा. बॅटरी घरून निघाली तशीच रिकामी. बाबांनी बल्ब टेकवला. पेटला. त्यांनी विजयाने माझ्याकडे पाहिलं.

"पेटणारच," मी म्हटलं. "आपल्या बिल्डिंगमध्ये खालचा नळ धो धो वाहतो आणि गच्चीवरच्या टाकीत थेंब चढत नाही, तसं आहे हे. बॅटरी भरायला तिच्यापेक्षा जास्त जोर लागतो. तो जोर ही वायर वाटेतच खाते."

बहिणीने आणलेला चहा बाबा बशीत ओतून प्यायले. मग तिलाच विचारलं, "जयंतीला आपले बल्ब कुठं मंद व्हायचे गं?"

"गिरणीच्या वळणावर," आम्ही दोघी एकदमच बोललो.

दरवर्षी तिथेच. वस्तीतून निघताना विहार झगझगीत असायचा, गिरणीपाशी येईतो बल्ब तांबडे पडायचे. मग कुणीतरी गॅसबत्त्या आणायचं, त्या विहाराच्या दोन्ही बाजूंनी धरून लोक चालायचे. मला तो मंद उजेड आवडायचा, खरं तर. लहान असताना वाटायचं की असंच करायचं असतं, वळण आलं की बत्त्या. आणि दुसऱ्या दिवशी बाबा बॅटरी घेऊन उल्हासनगरला, कॅम्प दोनला जायचे, दुकानातल्या शेठशी भांडायला.

"म्हणजे शेठची बॅटरी चांगली होती," बाबा म्हणाले.

"सगळ्या चांगल्या होत्या," मी म्हटलं.

पुढच्या सुट्टीला ते माझ्याबरोबर कॅम्प दोनला आले. वायर मी कुठूनही घेतली असती, पण त्यांना तेच दुकान हवं होतं. गल्ला आता मुलगा सांभाळतो. म्हातारे शेठ पंख्याखाली खुर्चीत बसले होते. बाबा समोर जाऊन उभे राहिले.

"शेठ, पहचाना?"

"जयंतीवाला." शेठनी चष्मा वर केला. "अभी कौन सा बैटरी खराब निकला?"

"बैटरी में खोट नहीं था, शेठ. वायर में था."

"साईं, मैं तो हर साल बोला, तार मोटा लगाओ. तुम सुनता किधर था? आते ही चिल्लाना चालू!"

दुकानातली गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. बाबा एवढे हसले की त्यांना स्टुलावर बसवावं लागलं. शेठनी चहा मागवला. मी तेवढ्यात बोटाएवढी जाड वायर मापून घेतली, लाल आणि काळी, दोन्ही जाड. काळ्या वायरवरून बाबा तिथेही अडले. अर्थिंग जोडाच्या लोखंडावरून येतेच की, असं त्यांचं म्हणणं. शेठ नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. बाबा म्हणाले, "बरं, घे काळी पण."

बाकीचं काम एका दिवसाचं. दोन्ही बॅटऱ्यांपाशी फ्यूज, आणि मध्ये एक रिले, म्हणजे इंजिन बंद झालं की दोन्ही बॅटऱ्या आपोआप सुट्या. नाही तर रात्री मशीनने गाडीचीही बॅटरी पिऊन टाकली असती आणि सकाळी आम्ही धक्का मारत बसलो असतो. टोकं मी दाबली, टेप बाबांनी गुंडाळली. टेप ते अजून माझ्यापेक्षा चांगली गुंडाळतात.

वाटेत एक मुक्काम करून गावी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि बॅटरी पुन्हा भरली होती. जोत्याच्या दगडांना लागूनच ट्रेलर उभा केला. बाबांनी जागा स्वतः दाखवली. चूल होती त्या बाजूला डोकं येईल, अशी.

सकाळी मला जाग आली ती मशीनच्या बारीक घरघरीने. चालू होतं. बाबा गाढ झोपेत होते. घरी ते उजाडायच्या आत उठून भांडी वाजवतात, इथे ऊन पायावर आलं तरी पत्ता नव्हता. मी बाहेर येऊन चहा टाकला.

बऱ्याच वेळाने ते दारात आले. गालावर मशीनच्या पट्ट्याचे वळ.

"किती दाखवतंय?"

"रात्रीपुरती होती. आता निम्म्याच्या खाली आहे."

त्यांनी खिशातून बल्ब काढला, बॅटरीला टेकवला. उन्हात नीट दिसतही नव्हता, पण पेटला होता. तो खिशात ठेवून ते जोत्यावर बसले. गवत उपटत म्हणाले, "अजून एक रात्र निघंल काय गं, बाय?"

"अशी नाही निघणार. ट्रेलर ओढत फिरवावा लागेल."

"मग फिरव."

तालुक्याला आमचं काहीही काम नव्हतं. तरी ट्रेलर पुन्हा जोडला, बाबांना शेजारी बसवलं आणि निघाले. गावाच्या तोंडाशी सायकलवरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय, चाल्लात एवढ्यात?"

"नाय रे," बाबांनी काच खाली करून सांगितलं. "बॅटरी भरतोय."

रस्ता खराब होता, मी सावकाश चालवत होते. बाबांनी मागे वळून ट्रेलर पाहिला, मग माझ्याकडे.

"जरा जोरात घे, बाय. जयंतीच्या चालीनं बॅटरी भरत नाय."

मी वरचा गिअर टाकला.