तुर्की शिपायाचं बक्कल

पुण्याचे एक इंजिनियर साहेब आहेत, सौदीतल्या अबकैकच्या तेलाच्या प्लांटवरचे. त्यांच्यामुळेच मी अजून हुफूफमध्ये नोकरीवर आहे.

दर शुक्रवारी ते धातू शोधायचं यंत्र घेऊन मी राखतो त्या खजुराच्या बागेत यायचे. मराठी बोलले म्हणून मी मालकाला, म्हणजे कफीलला, न विचारताच फाटक उघडलं होतं. यंत्र वाजलं की साहेब गुडघ्यांवर बसून ब्रशने माती झाडत. “हात लावू नकोस रे, इथे तुर्कांचा अंमल होता तेव्हाचं आहे.” बऱ्याचदा तो मीच फेकलेल्या सार्डिनच्या डब्याचा पत्रा असे. पण सातवीत शाळा सोडलेल्याने साहेबांना काय सांगायचं?

एका शुक्रवारी कफील अचानक आला. खड्डे बघून मला म्हणाला, “खलास, तू इंडियाला घरी जा.”

साहेबांनी आपली पिशवी त्याच्यापुढे उलटी केली. ज्याच्यावर मला तासभर व्याख्यान दिलं होतं, ते तुर्की शिपायाचं बक्कलही त्यात होतं.

“कचरा आहे, शेख. बाग साफ करायला यानेच बोलावलं मला.”

कफील खूश झाला. सगळं कचऱ्याच्या पिंपात टाकून म्हणाला, “दर शुक्रवारी या.”

आमच्या गावाजवळच्या माळावर इंग्रजांची छावणी होती. कधीतरी साहेबांना तिथे नेईन, आणि काहीतरी खरं सापडेपर्यंत त्यांच्यासाठी मीच खणेन.