शेवटच्या महिन्यातलं ऑपरेशन

नव्व्याण्णव साली आमच्या दौंडला एक पास्टर आले. आमच्या चर्चचे नव्हेत, बाहेरचे. रेल्वे कॉलनीच्या मागं एक हॉल भाड्यानं घेऊन ते रविवारी दुपारी सभा घेत. फळ्यावर लांब रेघ ओढत, तिचे हजार-हजार वर्षांचे सहा तुकडे पाडत आणि सातव्या तुकड्यावर मुकुट काढत. सहा हजार वर्षं माणसाची, सातवं हजार प्रभूच्या राज्याचं. सहावा तुकडा येत्या डिसेंबरात संपतो, असं ते सांगत. कर्णा वाजेल, प्रभू परत येईल, विश्वासणारे वर उचलले जातील, बाकीचे संकटात मागं राहतील.

पप्पा रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. मोजपट्टी लावून बघितल्याशिवाय कुठलीही गोष्ट न मानणारा माणूस, पण ती फळ्यावरची रेघ त्यांना पटली. कदाचित मोजूनमापून काढलेली दिसत होती म्हणूनच. त्यांनी घराचा रंग रद्द केला. मला आलेलं स्थळ 'आता कशाला' म्हणून परत पाठवलं. स्थळाचं मला काही वाटलं नाही, मी तेव्हा बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशनही त्यांनी नको म्हटलं, त्याचं मात्र वाटलं.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. मी दहा वर्षांची असताना माझी आई गेली, तेव्हा आत्या कवठे येमाईहून एक पत्र्याची पेटी घेऊन आली ती राहिलीच. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तांदळातले खडे ती बोटांनी शोधायची. त्या दिवाळीनंतर तिनं उकळता चहा कपाच्या शेजारी ओतला आणि तिचा पाय भाजला. फोडांना मलम लावताना मी ठरवलं. शिरूरला डिसेंबरात डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर होतं, तिथं तिचं नाव देऊन आले.

पास्टरांनी तिच्या डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थना केली होती. नवं शरीर मिळणार असताना जुन्या डोळ्याला टाके घालणं म्हणजे अविश्वास, असं त्यांचं म्हणणं. शिवाय शिबिरात माणसाला नंबर देतात, आणि नंबर घेणं म्हणजे श्वापदाची खूण घेणं, शेवटच्या काळात सैतानाच्या माणसांवर असेल असं बायबलात लिहिलंय ती. पप्पांच्या शेडमधल्या बिल्ल्यावरही नंबर होता. तो ते रोज खिशात घालून कामाला जात. हे मी त्यांना बोलून दाखवलं, तर ते उठून बाहेर गेले.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पास्टर सभेत म्हणाले की, एका घरातली मुलगी देवाच्या कामाच्या आड येते आहे. सगळ्या बायका माझ्याकडं वळून बघायला लागल्या. मी उभी राहिले. म्हणाले, त्या दिवसाची आणि घटकेची खबर पुत्रालाही नाही, असं प्रभूनंच सांगितलंय, मग तुम्हाला ती कुणी दिली?

पास्टर चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बहिणी, असे प्रश्न विचारणारे मागं राहतील."

"मग मी मागं राहीन," मी म्हणाले. "आत्याजवळ कुणीतरी राहायला पाहिजे."

घरी येताना पप्पा माझ्या दहा पावलं पुढं चालत होते.

आत्या इतके दिवस काहीच बोलली नव्हती. मी तिला विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं. ती म्हणाली, "प्रभू ढगातनं येणार म्हणत्यात. मंग मला दिसाया नको व्हय? तू ने मला."

चोरून न्यायचं नाही, एवढं माझं पक्कं होतं. पप्पा ड्यूटीला निघताना बूट घालत होते, तेव्हा सांगितलं, "गुरुवारी आत्याला शिरूरला नेतेय."

"मी नको म्हटलंय."

"म्हटलंयत. म्हणूनच सांगून नेतेय."

ते सायकल काढून गेले.

शिबिरात नर्सनं आत्याच्या कपाळाला चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनानं नंबर लिहिला. खोटं कशाला सांगू, ती पट्टी ओढून काढावी असं मला वाटलं. श्वापदाची खूण कपाळावरच असते, हे चार महिने ऐकून ऐकून माझ्याही अंगात भिनलं होतं. आत्यानं विचारलं, काय चिकटवलं. मी म्हणाले, नंबर आहे. ती म्हणाली, "आसंना." आणि नर्सचा हात धरून आत गेली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालेल्या डोळ्यावरची पट्टी काढली. ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "किती वाळलीस गं." मग खिडकीबाहेर दोरीवर वाळत घातलेल्या साड्यांचे रंग एकेक करून सांगायला लागली. मी तिथंच रडले.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी पप्पा हॉलवर गेले. आम्ही दोघी जेवून झोपलो. एक तारखेला सकाळी ते आले, अंघोळ केली, युनिफॉर्म चढवून शेडला गेले. पास्टरांनी गणितात एका वर्षाची चूक झाल्याचं सांगितलं, पण माणसं कमी होत गेली आणि फेब्रुवारीत हॉलला कुलूप लागलं. मार्चमध्ये पप्पांनीच विचारलं, दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं. रजा काढून तेच आत्याला घेऊन गेले. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधीच बोललो नाही.

बोलले ते आमच्या जुन्या चर्चचे पंच. त्यातले दोघे स्वतः त्या सभांना बसलेले. मी देवाच्या सेवकाला भर सभेत उलट बोलले, तेव्हा माफीचं पत्र द्यावं, नाहीतर मी रविवारी मुलांना शिकवत होते तो संडे स्कूलचा वर्ग सोडावा, असं त्यांनी कळवलं. मी जाऊन सांगितलं की, आधी आत्याला दवाखान्यापासून अडवणाऱ्यांनी लिहावं, मग मी लिहीन. त्यांनी वर्ग काढून घेतला.

पुढच्या रविवारपासून मी आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली. आधी चार मुलं आली, पावसाळ्यापर्यंत व्हरांडा पुरेना. एका मुलीनं विचारलं, प्रभू नक्की कधी येणार? मी म्हणाले, येणार हे मी मानते, कधी ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे म्हणणाऱ्याला उभं राहून विचारायचं. पत्र मी अजून लिहिलेलं नाही.