निळ्या साटीनचं कव्हर

पंडरीच्या कापडबाजारात दुकानदाराने निळं साटीन उलगडलं आणि त्या कोऱ्या वासासरशी मी शाळेतल्या त्या सकाळी पोचले.

स्मार्टबोर्ड चालवायचं प्रशिक्षण घेऊन मी नुकतीच परतले होते. सातवीसाठी फिरत्या ग्रहांचा धडा तयार होता. बोर्डाला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. मी पेन उचललं, तसे प्राचार्य म्हणाले, "दीदी, बच्चे खराब कर देंगे. पहले इसका कवर सिल दीजिए."

शेजारी उभ्या असलेल्या शिक्षिका मेश्रामबाई कुजबुजल्या, "शिवणकाम तर तुले येतच होतं व. मग प्रशिक्षणाले काहून गेली?"

तेव्हा मी हसले होते. तो धडा कधी झालाच नाही. बोर्डावर अजून एक ओरखडा नाही. कव्हर तेवढं विरलं, म्हणून नवं कापड घ्यायला आज मलाच पाठवलंय.