क्लचला हात न लावता

"वहिनी चांगली शे रे, पन गाडी न्यूट्रलमा शे! चालू शे का बंद, तेबी समजत नही!"

मी बोलते कमी, म्हणून हे वाक्य माझ्याबद्दल होतं, पण माझ्या कानांसाठी नव्हतं. बोलणारा माझा धाकटा दीर गोपाल. हसणारे माझे सासरे, म्हणजे आबा. आणि सगळ्यात शेवटी, जरा दबकत हसले ते आमचे हे! पण ब्राह्मणपुरीतल्या आमच्या घरी स्वयंपाकघराची खिडकी थेट ओट्यावर उघडते, आणि भाकरी थापताना हात गुंतलेले असले तरी कान रिकामेच असतात.

लग्न होऊन आल्यापासून या खिडकीत माझ्याकडे किस्से साठतायत. तीन पुरुष आणि एक मोटारसायकल एका ओट्याला लागली की किस्से शोधत फिरावं लागत नाही! त्यात आमच्या ओट्याचा लाडका विषय एकच. क्लच न दाबता गियर टाकणं.

मला ते येतं. माझं माहेर सारंगखेड्याचं. वडील दुधाच्या कॅन घेऊन गावोगाव फिरायचे आणि त्यांच्या गाडीची क्लच वायर धड असण्यापेक्षा तुटलेलीच जास्त असायची. मी त्याच गाडीवर शिकले. गियरच्या दांडीवर पाय हलका टेकवून ठेवायचा, इंजिनाचा आवाज ऐकायचा, ॲक्सिलेटर क्षणभर सोडायचा, की गियर लोण्यात सुरी जावी तसा पडतो. सासरी हे कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नाही!

*

पहिलं प्रात्यक्षिक गोपालचं.

"क्लच घाबरट लोकेस्ना करता ऱ्हास!" असं जाहीर करून तो निघाला. मागे लाल मिरचीचं पोतं बांधलेलं. ॲक्सिलेटर पूर्ण पिळलेला, आणि तसाच त्याने गियरवर पाय मारला! गाडीने असा हिसका दिला, की गोपाल पुढे टाकीवर आणि पोतं मागे रस्त्यावर. पोतं फुटलं. त्याच्यावरून मागचा ट्रॅक्टर गेला. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली शिंकत होती.

आबांनी उपरण्याने नाक पुसत निकाल दिला, "क्लच वाचना, पन गल्ली मरनी!"

*

आबांचं तंत्र याच्या बरोबर उलटं. ते घरापासून शेतापर्यंत क्लच अर्धा दाबूनच जातात. "हातमा ऱ्हायेल बरं," म्हणतात. क्लच प्लेट दर थोड्या महिन्यांनी जळते. शहाद्याचा मेकॅनिक एकदा ती काळी पडलेली प्लेट त्यांच्यापुढे धरून म्हणाला, "आबा, हाऊ क्लच शे. बैलना कासरा नही!"

आबा शांतपणे म्हणाले, "बैलनी कधी प्लेट जळनी नही."

*

आमचे हे अभ्यासू. त्यांनी आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि मग गोपालशी पैज लावली. न्यूट्रल पडेपर्यंत क्लचला हात लावायचा नाही. जो लावेल त्याने रविवारी गोठा झाडायचा.

चढते गियर कसेबसे पडले. उतरताना मात्र पहिल्यावर आले आणि न्यूट्रल काही सापडेना! हे मारुतीच्या देवळाभोवती चकरा मारू लागले. चावी बंद करता येते हे काही त्यांना आठवलं नाही. एक फेरी, दुसरी, तिसरी... चेहरा घामाने डबडबलेला, ओठ पुटपुटतायत.

देवळाच्या पायरीवर सासूबाई बसल्या होत्या. या प्रदक्षिणा पाहून त्यांनी हात जोडले, आनंदाने डोळ्यांना पदर लावला. "लगीन झायं आन पोऱ्या सुधरना वं माय!"

घरी आल्यावर यांच्यासाठी नारळ फोडला.

*

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला आम्ही दोघंच गेलो. मी मागे, एका बाजूला पाय सोडून. यांनी पुन्हा प्रयोग सुरू केला. गाडी करकरली. मला आवाज ऐकवेना. इंजिनाचा सूर उतरला तसं माझ्या तोंडून हळूच निघालं, "आता."

गियर पडला! पुढच्या गियरला पुन्हा "आता." तोही पडला.

संध्याकाळी ओट्यावर यांनी सांगितलं, "आज सगळे गियर क्लचशिवाय पडले. नुसतं टायमिंग!" गोपालने पाठ थोपटली. माझ्या शब्दाचा कुठे उल्लेख नव्हता. एवढासा शब्द, वाऱ्याने उडाला असेल.

*

मग माझी नोकरी लागली. लोणखेड्याच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत. सोमवारपासून रुजू. घरात आनंद झाला, सासूबाईंनी शिरा केला, आणि ओट्यावर बैठक बसली. ही रोज जाणार कशी?

"गाडी हिलाच नेऊ द्यावी का?" यांनी भीत भीत विचारलं.

"गियरनी गाडी शे ती!" गोपाल ओरडला. "पाडी टाकी! मी सोडसू ना वहिनीले. जमी तव्हय."

"बराबर," आबा म्हणाले. "चावी खिळावरच ऱ्हाऊ द्या. पुढला साल स्कूटी दखू."

मी खिडकीत उभी. 'जमेल तेव्हा' जाऊन कुणाची नोकरी टिकत नाही, हे चौघांपैकी फक्त मला कळत होतं. भाकरी करपली. पहिल्यांदाच.

*

शनिवारी कॉलेजात कागद देऊन मी आणि गोपाल परत येत होतो. दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर माणूस नाही, आणि फट्! क्लचची वायर तुटली. लिव्हर हातात लुळी.

गोपालने गाडी बाजूला घेतली. लिव्हर दाबून पाहिली. आकाशाकडे पाहिलं. घाबरट लोकांचा क्लच नव्हता, आणि शूर माणूस मोबाईलवर टेम्पोवाल्याचा नंबर शोधत होता!

मी पदर कमरेला खोचला, पिशवी त्याच्या गळ्यात अडकवली आणि गाडीवर बसले. किक मारली. मागे वळून हाताने खूण केली, ढकला.

"वहिनी?"

मी पुन्हा खूण केली. त्याने ढकललं. गाडीने वेग धरला तसा मी पहिला टाकला, आणि गाडी निघाली. थांबणं शक्य नव्हतं. गोपाल पिशवीसकट मागे पळतोय, "वहिनी, थांब! वं वहिनी!" मी सीटवर थाप मारली. तो पळता पळता उडी मारून बसला.

दुसरा पडला. तिसरा पडला. पुढे उसाची ट्रॉली आडवी आली. "ब्रेक! ब्रेक!" मी खाली दोन गियर आणले, ट्रॉलीमागे सावकाश चालले, वळणावर पुढे काढली, पुन्हा तिसरा. आयुष्यात पहिल्यांदा गोपाल माझ्यापेक्षा गप्प होता.

गल्लीत शिरले तेव्हा ओटा भरलेला होता. आबा उभे राहिले. सासूबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या. यांचा चहाचा कप तोंडाजवळच राहिला. मी वेग उतरवला, दुसरा, पहिला, मग अर्ध्या पायाने मधली मोकळी जागा, आणि बरोबर ओट्यासमोर ब्रेक लावला. गाडी मांजरीसारखी गुरगुरत उभी राहिली. बंद पडली नाही.

गोपाल मागचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसूनच होता.

मी चावी फिरवली, काढली, खिळ्याकडे पाहिलं आणि कमरेला खोचली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"भाऊ, उतरा आते. गाडी न्यूट्रलमा शे!"